हिंदोळगडची गादी

“हिंदोळगड आजवर कुणापुढं वाकलेला नाही,” महादरवाज्यात छाती काढून उभे असलेले सुभानराव किल्लेदार म्हणाले. “फौजा येवोत, तोफा येवोत, दिल्ली येवो नाहीतर विलायत येवो. ताठ होता, ताठ आहे, ताठच राहणार. तुम्ही तेवढे वाकून या मास्तर. वरचा दगड सुटलाय.”

मी वाकून आत गेलो. डोक्यावर गाठोडं होतं, म्हणून जरा जास्तच वाकलो.

माझ्यामागून गुरवांचे तात्या फुलांची परडी घेऊन चढत होते. दम घेत त्यांनी विचारलं, “फौजा कधी आल्या होत्या हो, किल्लेदार?”

“आल्या नाहीत. आल्या असत्या तरी वाकला नसता.”

“येतील कशाला? ही चढण खालूनच दिसते,” तात्या म्हणाले आणि पायरीवर बसले.

दसऱ्याची सकाळ होती. मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका जिन्याखाली ‘पतंगे टेलर्स’ चालवत होतो. मशीन आत, मी अर्धा आत, गिऱ्हाईक रस्त्यावर. माझं नाव निवृत्ती. पण शिंप्याला नावानं कोण हाक मारतो? सगळं गाव मला मास्तरच म्हणे. गाठोड्यात हिंदोळगडच्या सरकारांचा नवा अंगरखा होता. सरकार म्हणजे गडाच्या जुन्या राजघराण्याचे वंशज. ते पुण्याला राहत आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, गडावर येऊन राजे होत. अंगरख्याचं काम आलं तेव्हा मी निरोप्याला विचारलं होतं, “माप?” तो म्हणाला, “सरकार म्हणाले, अंदाजानं शिव.” मापाशिवाय आलेल्या गिऱ्हाइकाचं जे मी नेहमी करायचो तेच केलं. माझ्याच अंगावर बेतला.

एकेकाळी गडावर राजधानी होती, असं सगळे सांगत. मला दिसलं ते एक तळं, वाड्यांची जोती, जोत्यांवर वाढलेली नाचणी, मेघजाईचं बिनदाराचं देऊळ आणि त्याच्याभोवती कोंबडीला पिलं बिलगावीत तशी दहा-बारा घरं. पण दर घरात एक मान होता. सुभानरावांच्या घरात किल्लेदारी. धोंडू घडशाकडं नगारा. एकाकडं तोफेला वात लावायचा मान. तोफ गोऱ्या साहेबानं नेली, वात राहिली होती. एकाकडं हत्तीला पाणी दाखवायचा मान होता. हत्ती गडावर कधी चढलाच नव्हता. पण त्या मानावरून दोन भावांत बोलणं नव्हतं.

सगळ्यांत मोठा मान सरकारांचा, आणि काम सगळ्यांत छोटं. दसऱ्याला दुपार कलली की सरकारांनी देवीसमोरच्या दगडी चौथऱ्यावर बसायचं. ती गादी. गादी खरी देवीची, सरकार तिच्या वतीनं बसणार. मग किल्लेदारानं मुजरा करून तीनदा विचारायचं, “सरकार, गड राहील?” आणि तिसऱ्यांदा सरकारांनी म्हणायचं, “राहील.” एवढं एकदा म्हणून झालं की सोनं लुटायचं, गूळ खायचा, वर्षभर राज्य चालू. तो शब्द पडल्याशिवाय गडावर कुणी घर शाकारत नसे आणि सोयरीक जमवत नसे.

मी अंगरख्याची घडी देवीच्या पायाशी ठेवून गुळाची वाट बघत होतो, एवढ्यात पायथ्याहून एक माणूस धापा टाकत आला.

“सरकारांची मोटार परत गेली,” तो म्हणाला.

“कुठून?” सुभानरावांनी विचारलं.

“पायथ्यापासनं. वर यायला निघाले, पण दोन पायऱ्या चढले आन् बसले. बसले तसे उठलेच. म्हणाले, बसवत न्हाई.”

“म्हणजे?”

त्या माणसानं आजूबाजूला बायका आहेत का ते बघितलं. मग सुभानरावांच्या कानात सांगितलं; पण गडावर सतत नगारा वाजत असल्यामुळं कानात सांगायची रीतही मोठ्यानं सांगायचीच होती. सगळ्यांनी ऐकलं. सरकारांना मूळव्याध झाली होती. वर्षातून एकदा बसणं एवढंच ज्यांचं राज्य, त्यांना नेमकं बसता येईना.

“मग गादी?” तात्यांनी विचारलं.

धोंडूनं टिपऱ्या खाली ठेवल्या.

“रिकामी राहिली तर काय होतं?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

“दुपार कलल्यावर गादी रिकामी दिसली तर देवी स्वतः येऊन बसते,” तात्या म्हणाले.

“मग चांगलंच आहे की.”

माझ्याकडं सगळ्या पुरुषांनी अशा नजरेनं पाहिलं, की मी गप्प बसलो. मग तात्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. देवी येते ती सुभानरावांच्या थोरल्या बहिणीच्या, गोदाक्कांच्या अंगात. मागं एकदा नदीला पूर आल्यामुळं सरकारांचे वडील अडकले आणि गादी रिकामी राहिली. देवी आली, बसली, आणि तिनं खरं सांगायला सुरुवात केली. देवळाची घंटा कुणी मोडीत घातली, कुणाच्या बकरीच्या पोटात कुणाचं भात गेलं, रात्री तळ्यावर कोण कुणाला भेटतं. दोन काडीमोड झाले. वातवाल्यानं वर्षभर तोंड दाखवलं नाही.

“आणि तुमचं काय सांगितलं?” मी विचारलं.

“किरकोळ,” तात्या म्हणाले. “नैवेद्याच्या पुरणपोळ्यांचं होतं काहीतरी.”

गोदाक्का देवळाच्या कोपऱ्यात झेंडूची माळ ओवत बसल्या होत्या. सत्तरीच्या, सुपारीएवढा अंबाडा, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी मान वर करून एकदा चौथऱ्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली. तेवढ्यानं तीन-चार जणांना घाम फुटला.

“आपल्यातलाच कुणी बसूया,” वातवाला म्हणाला.

“कोण?” हत्तीवाल्यांतला थोरला म्हणाला. “तू?”

“का, मी नको?”

“तू बसलास तर उद्यापासून आम्हाला मुजरे करायला लावशील.”

आपल्यातला कुणीही बसला तर पुढं आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, हे एकेकाला पटत गेलं. आणि मग सगळ्या माना सावकाश माझ्याकडं वळल्या.

“मास्तर बाहेरचे आहेत,” तात्या म्हणाले. “संध्याकाळी उतरून जातील.”

“मी शिंपी आहे हो,” मी म्हणालो.

“कौल लावू,” सुभानराव म्हणाले. “आईची मर्जी.”

तात्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी कळी त्यांनी पाण्यात चांगली बुडवून, अंगठ्यानं दाबून लावली. उजवीला नुसतं पाणी दाखवलं. मी बघितलं, पण मी पाहुणा. तात्यांचा हात मागं येतो न येतो तोच उजवी कळी पडली.

“आईनं वेळ नाही लावला,” तात्या भक्तिभावानं म्हणाले.

मला देवळामागं नेऊन अंगरखा घालण्यात आला. खांद्याला बसला, छातीला बसला, कुठं चुणी नाही. शेला बांधता बांधता सुभानराव थांबले.

“सरकारांच्या मापाचा तुम्हाला कसा बसला?”

“सरकारांची छाती आणि माझी छाती एकच निघाली.”

“असं बाहेर बोलू नका,” ते म्हणाले आणि शेल्याची गाठ घट्ट केली. मग आवाज उतरवून म्हणाले, “मास्तर, यंदा तो शब्द नीट म्हणा. खणखणीत. खाली पायथ्याला सरकार जागा देतंय. ते सरकार, आपलं नव्हे. पत्र्याची घरं, नळ, रस्ता. मामलेदार म्हणतो, दिवाळीच्या आत बोला; उतराल तर सगळे उतरा, नाहीतर जागा दुसऱ्या वाडीला जाईल. गादीवरून ‘राहील’ पडलं की मला त्याला सांगता येईल, आमचा नाइलाज आहे.”

“आणि तुम्हाला उतरायचं नाही.”

सुभानराव थोडा वेळ माझ्या अंगरख्याच्या बंदाकडं बघत राहिले. “तुम्ही शिंपी आहात, तुम्हाला कळेल,” ते म्हणाले. “एखाद्याचा कोट काढून घेतला आणि नुसतं बटण हातात दिलं, तर त्यानं ते लावायचं कुठं? वर मी किल्लेदार आहे. खाली मी घर नंबर अमुक.”

एवढं बोलून ते गेले आणि त्यांची सून चंद्रा तांब्या घेऊन आली. राजाच्या पायांवर पाणी घालायचा मान किल्लेदाराच्या सुनेचा. तिचे दिवस भरत आले होते. वाकणं जमेना, म्हणून ती उभ्यानंच पाणी ओतू लागली. निम्मं माझ्या पायांवर पडलं, निम्मं अंगरख्यावर.

“काय म्हणणार तुम्ही?” तिनं हळूच विचारलं.

“राहील म्हणायचं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“तुमच्या मामंजींनी.”

“त्यास्नी कुठं बाळंत व्हायचंय,” चंद्रा म्हणाली. पाण्याची धार तशीच चालू होती. “माझी थोरली डोलीत झाली. मधल्या दरवाज्यात. डोलीवाल्यांनी डोली टेकवली आन् तोंडं फिरवून हुबे राहिले. सुईण पायथ्याला, मी मध्यात, आन् मामंजी वरनं विचारतायत, नगारा वाजवू का. आता दिवाळीच्या पुढं-मागं पुन्हा हायेच. पोर आडवं हाय म्हणती सुईण. या वक्ताला मधल्या दरवाज्यात भागायचं न्हाई.”

मी अंगरख्याचा भिजलेला काठ पिळला. मग म्हणालो, “मग मी नाही म्हणू?”

“न्हाई म्हणालात तर कड्यावरनं ढकलतील. तुमच्या बायकोला काय सांगायचं आम्ही?”

“माझं लग्न व्हायचंय.”

“मग सोपं हाय,” ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. हसू लगेच मावळलं. “ऱ्हाईल तेवढं म्हणू नका, भाऊ. एकदा तो शब्द पडला की वर्षभर कुणी तोंड उघडत न्हाई.”

“तुमचे मालक काय म्हणतात?”

तिनं देवळाच्या बाजूला हात केला. तिचा नवरा बापू दोन्ही हातांनी अब्दागिरी धरून उभा होता, सरकारांच्या डोक्यावर छाया धरायचा मान त्याच्याकडं होता. “ते बापासमोर सावली धरतात,” चंद्रा म्हणाली.

दुपार कलली. मला गादीवर बसवलं. दगड चांगलाच तापलेला होता, पुण्याला परत गेलेल्या सरकारांबद्दल मला पहिल्यांदा सहानुभूती वाटली. डोक्यावर बापूनं अब्दागिरी धरली. धोंडूनं नगारा असा वाजवला की तळ्यावरचे बगळे उडाले. सगळी घरं समोर, पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. नेमलेला प्रत्येक मान निघाला. वातवाल्यानं नसलेल्या तोफेला वात दाखवली. हत्तीवाले दोघं भाऊ एकच घंगाळ दोन्ही बाजूंनी धरून आले, एकमेकांकडं न बघता, आणि रिकाम्या जागेसमोर ठेवून गेले. कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं नाही. तिथं बसल्यावर ते हसण्यासारखं दिसत नाही.

सुभानराव पुढं आले. जुनी पगडी, कमरेला म्यान. तलवार गंजून आत बसलेली. त्यांनी तीनदा लवून मुजरा केला.

“सरकार, गड राहील?”

पहिल्याला बोलायचं नसतं. मी चंद्राकडं पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती, एक हात पाठीवर.

“सरकार, गड राहील?”

दुसऱ्यालाही बोलायचं नसतं. मी सुभानरावांकडं पाहिलं. मुजऱ्याचा हात खाली घ्यायचं ते विसरले होते. मला वाटलं होतं ते ऐटीत विचारतील. ते विचारत होते, त्यांना खरंच विचारायचं होतं.

“सरकार,” ते तिसऱ्यांदा म्हणाले, “गड राहील?”

मी तोंड उघडलं. बंद केलं. कपडा कुठं घट्ट होतो हे मी कधी माझ्या मनानं ठरवलेलं नाही, घालणाऱ्याला विचारतो. आणि इथं तर कपडा माझा नव्हता, गड माझा नव्हता, गादीही माझी नव्हती. हो म्हणायची मला लाज वाटत होती, नाही म्हणायची छाती नव्हती.

मी उठलो.

“बसा,” तात्या दबक्या आवाजात म्हणाले.

मी चौथऱ्यावरून उतरलो आणि बाजूला उभा राहिलो.

“मास्तर, बसा, बसा,” वातवाला काकुळतीला आला. “रिकामी दिसतीय ती. कुणीतरी बसा. धोंडू, तू बस.”

“मी नगारा कसा सोडू?”

“अरे मग कुणी लहान पोर तरी ठेवा तिथं.”

तेवढ्यात बायकांच्या बाजूला झेंडूची अर्धी माळ खाली पडली. गोदाक्का उठल्या होत्या. केस सुटलेले, डोळे मिटलेले. पण दगडाला न ठेचकाळता त्या सरळ चौथऱ्यापर्यंत आल्या आणि मांडी घालून बसल्या. पुरुषांची रांग एक पाऊल मागं गेली. प्रत्येकजण दुसऱ्याच्या मागं जाऊ बघत होता, त्यामुळं सगळी रांगच तळ्याच्या दिशेनं सरकत चालली.

“हलू नका,” गोदाक्का म्हणाल्या. आवाज त्यांचा होता आणि नव्हताही. “समदे दिसताय मला.”

सगळे हलायचे थांबले. तात्यांनी साष्टांग घातला. लपायला तीच एक जागा उरली होती.

“आई,” सुभानराव हात जोडून म्हणाले, “काही चुकलं असेल तर पदरात घे.”

“चुकलं काय न्हाई. पर मी कटाळले.”

“कशाला, आई?”

“तुमाला.”

वारा होता तेवढा वाजत होता.

“चारशे वर्सं झाली,” ती म्हणाली. “उजाडल्यापास्नं तुमची भांडणं. हत्तीचं पानी कुनी दाखवायचं. कुठं हाय हत्ती? माज्या देवळाला दार न्हाई, समदं आत ऐकू येतं. मी डोंगरावर का येऊन बसले? जरा निवांत बसावं म्हनून. तर माज्यामागं राजा आला, राजामागं तुमी आलासा. राजा कवाच उतरला. तुमी कवा उतरनार?”

“आई, आम्ही उतरलो तर तुझी पूजा?”

“तात्या रोज चढंल. पोट उतरंल त्याचं.”

तात्या जमिनीवरच कण्हले. पण पुरणपोळीचा विषय निघाला नाही याचं समाधान त्या कण्हण्यात होतं.

“आणि मान?” सुभानरावांनी विचारलं. “आमचे मान, आई?”

“घिऊन जा. मी काय करू त्येंचं? गाठोडी बांधा आन् समदे न्या. हत्तीचा बी न्या. दसऱ्याला एक डाव समदे वर या, गूळ खावा, उतरा.” मग तिनं मिटल्या डोळ्यांनीच मान खांबाकडं वळवली. “आन् ह्या पोरीला आधी उतरवा. उद्याच्याला. माज्या दरवाज्यात पुन्यांदा बाळंतपन नको. मागल्या डावाला रातभर मला डोळ्याला डोळा न्हवता.”

चंद्रानं खांब घट्ट धरला. बापूच्या हातातली अब्दागिरी हळूहळू कलली आणि त्याच्या बायकोच्या डोक्यावर आली. त्याला ते कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. बापानं ते पाहिलं.

सुभानरावांनी पगडी काढली. मला वाटलं खाली ठेवतील. पण त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पुन्हा घातली, सरळ केली, आणि रीतीप्रमाणं लवून मुजरा केला.

“आई,” त्यांनी विचारलं, “गड राहील?”

“गड ऱ्हाईल,” ती म्हणाली. “तुमी गेल्यावर जरा बरा ऱ्हाईल.”

धोंडूनं नगाऱ्यावर टिपरी टाकली.

दिवाळीच्या आत सगळे उतरले. चंद्राला मुलगा झाला, तालुक्याच्या दवाखान्यात, खाटेवर, दोन डॉक्टरांसमोर; आडवाच होता. सुभानराव पायथ्याच्या पत्र्याच्या घरात पुष्कळ वर्षं जगले. दिवस मावळला की ते गल्लीच्या तोंडाला आडवा बांबू लावत, आणि मुक्कामाची एस.टी. त्यांना सलाम केल्याशिवाय आत येत नसे. ड्रायव्हर बदलले की नव्याला आधीचा तेवढं सांगून जाई. आता ते नाहीत, बांबूही नाही. मी अजून आहे, पण सुईत दोरा दुसऱ्याकडून ओवून घेतो.

तर त्या संध्याकाळी मी चौथऱ्याजवळच उभा होतो. नगारा चालू होता, बायका रडत होत्या, हत्तीवाले दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून कुणाचं चुकलं ते सांगत होते, आणि एका राजधानीचा शेवट माझ्या डोळ्यांदेखत झाला होता. गादीवर साक्षात मेघजाई बसलेली, केस सुटलेले, डोळे मिटलेले, अंगाला कंप. मी पुढं झालो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

वरून माझ्या कानाशी आवाज आला.

“मास्तर,” गोदाक्का डोळे न उघडता म्हणाल्या, “सुई आनलीया नव्हं? चोळीची बाही काखंत लई काचतीया. उतरायच्या आधी तेवढी उसवून द्या.”